अर्धा पत्ता

गोराईला पत्र पाठवायचं तर नुसतं ‘गोराई’ लिहून भागत नाही. खाडीपलीकडे, जेट्टीवरून होडीने जायचं ते गोराई गाव. अलीकडे, बोरिवली पश्चिमेला, म्हाडाची गोराई वसाहत. आम्ही अलीकडचे. अर्धवट पत्त्याचं पाकीट भलत्याच काठाला लागतं. १९९४ साली सीप्झमधल्या आमच्या ऑफिसात अशाच एका अर्ध्या पत्त्याने माझे तीन आठवडे खाल्ले.

आमचं काम पोर्टिंगचं, म्हणजे एका कंपनीच्या वर्कस्टेशनवरचा प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या वर्कस्टेशनवर चालता करायचा. वर्कस्टेशन हा एका इंजिनिअरच्या टेबलावर मावणारा, पण तेव्हाच्या पीसीहून कितीतरी दमदार संगणक. यंत्रांची ड्रॉइंग, नकाशे, अवजड गणितं यांसाठी घेतलेला. प्रत्येक कंपनीची कार्यप्रणाली वेगळी: सनचं सोलारिस, एचपीचं एचपी-यूएक्स, सिलिकॉन ग्राफिक्सचं आयरिक्स, डिजिटलचं ओएसएफ/१. सगळी युनिक्सच, पण आमटी जशी प्रत्येक घरची वेगळी लागते तशी. जाहिराती वेगाचे आकडे सांगत. आमचा दिवस कसा जाणार हे मात्र कंपायलर, डीबगर आणि मॅन्युअलवर ठरायचं.

कंपायलर माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत नेतो. तो नसेल तर चूल आहे, भांडं नाही. १९९२ मध्ये सोलारिस २ आलं आणि सी कंपायलर सोबत मिळणं थांबलं. तो वेगळा विकत घ्यावा लागे. ती उणीव बऱ्याच ठिकाणी जीसीसीने भरून काढली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला हा कंपायलर टेपवरून हातोहात फिरे. सिलिकॉन ग्राफिक्सने उलट आपल्या त्रिमिती चित्रांच्या लायब्ररीवरून १९९२ मध्ये ओपनजीएल तयार केलं आणि ते प्रतिस्पर्ध्यांनाही वापरू दिलं. ग्राफिक्स लिहिणाऱ्याचं कसब त्यामुळे एकाच यंत्राशी बांधलेलं राहिलं नाही. मला हे त्यांच्या कुठल्याही चकचकीत पडद्यापेक्षा मोठं वाटतं.

आता माझा पत्ता. डिजिटलचं अल्फा हे यंत्र ६४ बिटांचं होतं. स्मृतीतल्या जागेचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, तिथे आठ बाइटचा. साधा पूर्णांक मात्र चारच बाइटचा. आमच्या जुन्या कोडमध्ये जागोजागी पत्ते पूर्णांकात ठेवलेले होते. ३२ बिटांच्या यंत्रांवर दोन्ही सारखेच, म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही. अल्फावर पत्ता अर्धा कापला जाई आणि प्रोग्रॅम कोसळे. चूक आमचीच होती.

डिजिटलने अशा कोडसाठी ‘टासो’ नावाची सोय दिली होती: प्रोग्रॅम स्मृतीच्या खालच्या भागात चढवायचा, म्हणजे कापलेला पत्ताही बरोबर ठरतो. ती कशी वापरायची हे मॅन्युअलमध्ये नीट लिहिलेलं होतं. प्रोग्रॅमर कुठे अडखळेल याचा कुणीतरी आधीच विचार केला होता. पहिली डिलिव्हरी आम्ही टासोवरच केली. मग मी हट्ट धरून, लिंट या तपासणीच्या साधनाने एकेक जागा हुडकून कोड दुरुस्त केला.

पुण्यात महासंगणक बनवणाऱ्या सी-डॅकलाही यंत्राचा पाया बदलावा लागलाच. त्यांचा १९९१ चा महासंगणक परम ८००० इनमॉसच्या ट्रान्सप्युटर प्रोसेसरांवर उभा होता आणि त्याच्यासाठी ‘पारस’ हे प्रोग्रॅमिंगचं वातावरण त्यांनी स्वतः घडवलं होतं. १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर आणि सोलारिसवर आला. २००३ चा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर. हार्डवेअर असं पायाखालून सरकतं तेव्हा हवामानाचं किंवा रेणूंचं गणित लिहिणाऱ्याने काय करायचं? अनेक प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप कसे द्यायचे याची एमपीआय ही प्रमाणित पद्धत १९९४ मध्ये ठरली, ती अशांच्या कामी आली.

१९९८ मध्येच सोलारिस ७ आलं, सनचं पहिलं ६४ बिटांचं. आमचा तोच कोड मी एका सकाळी त्यावर चढवला. दुपारी जेवायच्या सुट्टीआधी सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या.