बंद मुठीतला हिशेब

डेन्मार्कमध्ये बिटापासून साखर होते. तिथल्या शेतकऱ्यांना बीट पिकवण्याचे करार आपसांत विकायचे होते. माल घेणारी कंपनी एकच, दानिस्को. आपली बोली तिला कळली तर पुढच्या वेळी ती भाव पाडील, ही धास्ती. म्हणून जानेवारी २००८ मध्ये सुमारे १,२०० शेतकऱ्यांच्या बोल्या तुकडे करून तीन संगणकांवर ठेवल्या: एक कंपनीचा, एक शेतकरी संघटनेचा, एक संशोधकांचा. बोल्या कोणालाच दिसल्या नाहीत, भाव तेवढा निघाला. वेळ लागला अर्धा तास. उघड आकड्यांवर हे क्षणाचं काम. मग झाकलेल्या आकड्यांवर ते अवघड का?

समजा, ४० चे १७, ९० आणि उणे ६७ असे वाटेल तसे तुकडे करून तिघांना दिले. एकट्याला काहीच उमगत नाही. बेरीज सोपी, ज्याने त्याने आपापले तुकडे मिळवायचे. पण बोल्यांची तुलना करायची तर गुणाकार लागतात, आणि तिथे एकाचा तुकडा दुसऱ्याच्या तुकड्याशी गुणावा लागतो. दर वेळी निरोपांची ये-जा. त्यात बराच वेळ जातो!

१९९१ मध्ये डोनाल्ड बीव्हर यांनी यावर तोड काढली. पाहुणे यायच्या आधी आपण वाटण करून ठेवतो ना, तसंच. कोणत्याही दोन संख्या आणि त्यांचा गुणाकार, असं त्रिकूट तुकड्यांत आधीच वाटून ठेवायचं. खरे आकडे आले की त्या संख्यांशी असलेला फरक तेवढा जाहीर करायचा; बाकी हिशेब ज्याचा त्याने घरच्या घरी. मात्र वापरलेलं त्रिकूट टाकून द्यायचं. पुन्हा वापरलं की गुपित फुटलंच.