घोंगडी महाग कोणी ठरवली?

थंडीच्या दिवसांत वडूजच्या बाजारातून सहज फेरी मारली, तरी रंगीबेरंगी, मऊसूत ब्लँकेटांच्या राशी नजरेत भरतात. त्यांतील बहुतेक पॉलिएस्टरची, म्हणजे मुळात खनिज तेलाची. घोंगडी मात्र शोधावी लागते. वास्तविक शेजारच्या माण तालुक्यातील म्हसवड हे घोंगड्यांसाठी नावाजलेले गाव, आणि दख्खनी मेंढी हे तर या अवर्षणग्रस्त मुलखाचे हक्काचे धन.

तरीही कातरणीनंतर लोकर माळावर टाकून दिली जाते, असे दृश्य आज दख्खनच्या पठारावर ठिकठिकाणी आढळते. मेंढी आता मटणासाठी पाळली जाते. जत भागातील माडग्याळ जातीची थोराड मेंढी त्यामुळेच कळपांत शिरली. तिच्या अंगावर लोकर बेताचीच. दख्खनी लोकर पडली जाडीभरडी. ती गिरण्यांना नको, आणि तिच्या विक्रीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही. मग मेंढपाळाने करावे तरी काय?

घोंगडीची घडण पाहावी. काळी, करडी लोकर मेंढीच्या अंगावरच्याच रंगाची. ती रंगवावी लागत नाही, म्हणून रंगाचे सांडपाणीही नाही. (इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाच्या सांडपाण्याने पंचगंगेचे काय झाले, हे या भागातील वाचकांना सांगायला नको.) सूत हातचे, माग सणगरांचा, खळ चिंचोक्यांची. जीर्ण झालेली घोंगडी अखेर मातीत मिसळते. पॉलिएस्टर मात्र धुण्यागणिक सूक्ष्म तंतू पाण्यात सोडते, मातीत पिढ्यान्‌पिढ्या कुजत नाही आणि उकिरड्यावर पेटवले की विषारी धूर ओकते. हा खर्च दुकानाच्या पावतीवर येत नाही. तो नदीच्या आणि गावाच्या नावे पडतो. ब्लँकेट स्वस्त दिसते ते यामुळे.

मेंढ्या मिथेन सोडतात, या कारणाने तौलनिक अभ्यासांत लोकरीचा क्रमांक खाली लागतो, असा एक आक्षेप आहे. तो रास्तही आहे. परंतु आपल्याकडे मेंढी मटणासाठी पाळली जाणारच. लोकर वापरली काय किंवा फेकली काय, मिथेन तेवढाच. हाताशी आलेले जोडउत्पादन फेकून त्याच कामासाठी तेल उपसणे, हा कोणता व्यवहार?

घोंगडी टोचते, हे मान्य. अंगातला सदरा तिचा होणार नाही. तेथे सुती कापडच हवे. कापूसही निर्दोष नव्हे. एक किलो सुती कापडामागे जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागते. महाराष्ट्रातील बहुतांश कापूस पावसावर येतो, एवढाच दिलासा. शिवाय जुन्या सुती लुगड्यांची वाकळ होते आणि कापडाचे आयुष्य वाढते; पॉलिएस्टरच्या साड्यांची वाकळ घाम टिपत नाही, हे आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे.

१९८५ च्या कायद्याने कांबळ्यासारख्या काही वस्तूंचे उत्पादन हातमागासाठी राखून ठेवले गेले. आरक्षण मिळाले, गिऱ्हाईक मिळाले नाही. ते गिऱ्हाईक सरकार स्वतः होऊ शकते. आश्रमशाळा, वसतिगृहे, रुग्णालये यांना पांघरुणे लागतातच. त्यांच्या निविदांत सर्वांत कमी दराइतकेच महत्त्व वस्तू किती वर्षे टिकते याला द्यावे, आणि माण-खटावमध्ये कातरणीच्या हंगामापूर्वी लोकरीचा खरेदीदर जाहीर करावा. कातरणी वर्षातून दोनदा येते. पहिला दर पुढच्याच हंगामात जाहीर करता येईल.