गाडीचं नाक चेपतं, ते बरंच!

अपघातात चेपलेली नवी गाडी पाहिली की लोक हमखास म्हणतात, ‘पत्राच पातळ! जुन्या गाड्या किती दणकट होत्या.’ प्रत्यक्षात हे चेपणं मुद्दाम योजलेलं असतं.

वेगातली गाडी आदळते, तेव्हा तिच्या गतीची ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. ताठ सांगाडा क्षणात थांबतो आणि जबर हिसका आतल्या माणसांना बसतो. पुढचा भाग चेपत गेला, तर बरीच ऊर्जा पत्रा दुमडण्यात खर्ची पडते आणि थांबायला किंचित जास्त वेळ मिळतो. वेगवान चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो, तसंच हे. माणसं बसतात तो मधला भाग मात्र भक्कम ठेवलेला असतो.

ही कल्पना मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांची. १९५९मध्ये ती विक्रीच्या गाडीत उतरली. त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन ठिकाणी अडकवलेला सीटबेल्ट आला. तो धक्क्याचा जोर छाती आणि कमरेच्या हाडांवर विभागतो. पुढे आलेली एअरबॅगही पट्ट्याला पूरक आहे, पर्याय नव्हे.

पट्टा नसेल, तर गाडी थांबते, पण माणूस त्याच वेगाने पुढे फेकला जातो. म्हणून मागच्या सीटवर बसलात तरी पट्टा लावाच.