वणवा आणि वार्ता : जुन्नर-आंबेगावच्या वनरक्षणातील एक प्रश्न

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेला असून तेथे महादेव कोळी व ठाकर या समाजांची वस्ती आहे. पावसाळ्यात माजलेले गवत माघ-फाल्गुनात वाळते आणि तेव्हापासून मृगाच्या पावसापर्यंत डोंगरउतारांवर वणव्याचे भय असते. ही आग बहुधा मनुष्याच्या हातून लागते. जुने गवत जाळल्यास नवे जोमाने फुटते ही समजूत, न विझवता टाकलेले विडीचे थोटूक, बांधाबाहेर गेलेली राबाची आग, ही त्याची नेहमीची कारणे होत. राब आणि वणवा यांत मात्र भेद केला पाहिजे. राब म्हणजे भात-नाचणीच्या रोपांसाठी पाला-शेण पसरून, राखण ठेवून केलेली भाजणी. वणवा म्हणजे राखणीतून सुटलेली आग.

अशा आगीविषयी १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाची भूमिका दुहेरी आहे. कलम २६ राखीव वनात आग लावणे हा अपराध ठरवते. इतकेच नव्हे, तर हेतुपुरस्सर वा घोर निष्काळजीपणाने आग लागल्यास त्या वनातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क स्थगित करण्याचा अधिकार राज्यशासनास देते. उलट कलम ७९ अन्वये, वनात हक्क बजावणाऱ्या व गुरे चारणाऱ्या लोकांवर आगीची वर्दी देण्याचे व ती विझवण्याचे बंधन आहे. म्हणजे ज्याने वर्दी द्यावयाची, त्याच्याच गावाची चराई त्या वर्दीमुळे बंद होण्याचा संभव राहतो.

या पेचाचे प्रतिबिंब भाषेतही पडलेले दिसते. ग्रामस्थ ‘वणवा लागला’ असे म्हणतात. या अकर्मक प्रयोगात कर्त्यास स्थान नाही. चौकशी करणारा अधिकारी मात्र ‘कोणी लावला?’ असे विचारतो. एकाच धातूचे हे साधे व प्रयोजक रूप. परंतु पहिल्यात केवळ वार्ता आहे, तर दुसऱ्यात आरोप. वार्तेचे उत्तर आरोपाने मिळू लागले की वार्ता येणेच थांबते.

यंत्राने ही उणीव भरून निघेल काय? डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीची ठिकाणे हुडकून राज्यांच्या वनखात्यांना कळवीत आली आहे, आणि आता ही सूचना संबंधितांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचते. तथापि उपग्रह डोंगरावरून दिवसातून काही ठराविक वेळीच जातो. वाऱ्यावर धावणारे वाळल्या गवताचे वणवे त्याआधीच उतार ओलांडू शकतात. वनखाते हंगामापूर्वी जाळरेषा काढते, हे खरे; पण आग त्या रेषेवर अडवण्यासाठी तेथे हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपणारी माणसे वेळेवर उभी असावी लागतात. विस्तीर्ण नियतक्षेत्र सांभाळणाऱ्या एकट्या वनरक्षकाला ते शक्य नाही. धूर प्रथम दिसतो तो गुराख्याला.

त्या गुराख्याने धावत का यावे, याचे उत्तर केवळ बंधनात सापडत नाही. चैत्र-वैशाखात, म्हणजे ऐन वणव्याच्या दिवसांत, येथील कुटुंबे बाळहिरडा वेचतात. रोख पैशाचे ते एक मोठे साधन आहे. वणव्यात हिरड्याची रोपे जळतात, मोठी झाडेही होरपळतात. अर्थात वन वाचवण्यात गावाचा हितसंबंध पूर्वीपासूनच आहे; त्याला मान्यता तेवढी उशिरा मिळाली. महाराष्ट्र शासनाने १९९२ च्या निर्णयाने संयुक्त वन व्यवस्थापनाचा मार्ग खुला केला. त्यानंतर २००६ च्या वनहक्क अधिनियमाने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन हा हक्क मानला आणि ग्रामसभेस त्यासाठी अधिकार दिले. १९२७ चे बंधन २००६ मध्ये हक्काच्या जोडीला आले.

परंतु नवा कायदा आल्याने जुना रद्द झालेला नाही. म्हणून सहकार्याची कसोटी समित्यांच्या संख्येवर लागावयाची नसून पुढील साध्या गोष्टींवर लागावयाची आहे : राब भाजण्याचे दिवस ग्रामसभा व वनरक्षक यांनी मिळून ठरवावेत, जाळरेषेचे काम गावाकडे असावे व त्याची मजुरी वेळेवर मिळावी, आणि आग विझेपर्यंत वर्दी देणाऱ्यास ‘कोणी लावला?’ असे विचारू नये. अपराधाचा तपास आवश्यकच आहे, पण तो नंतरचा. ‘वणवा लागला’ एवढे दोन शब्द निर्भयपणे उच्चारता येतील, त्या गावाचे वन वाचण्याची आशा अधिक.