बोटीतला नववा माणूस

जुलै लागला की कोल्हापुरात दोन माणसं भेटल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘किती फूट?’ कसले फूट, हे कुणी विचारत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना पोचली की इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. त्यातला एक उघडला की १४२८ क्युसेक पाणी खाली येतं, आणि कितव्या नंबरचा दरवाजा उघडला ही बातमी पाण्याच्या कितीतरी आधी गावात पोचते. एवढं सगळं तोंडपाठ असलेली माणसं पुरात अडकतातच कशी, असं बाहेरच्याला वाटतं.

पुष्कळदा ती या पाठांतरामुळेच अडकतात. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक घराला मागच्या पुराची खूण असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा २००५ साली ५३ फुटांच्या पुढे गेली होती. त्या वर्षी पाणी कुणाच्या उंबऱ्याला लागलं, कुणाच्या खिडकीच्या खालच्या गजाला. पुढची चौदा वर्षं तीच त्या त्या घराची मोजपट्टी झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागलं तेव्हा लोकांनी त्या खुणेच्या वर सामान रचलं, धान्याची पोती माळ्यावर टाकली आणि घरातच थांबले. पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. कोल्हापुरात त्याच आठवड्यात पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे पोचली. हा आकडा आता काही मोडत नाही म्हणेपर्यंत जुलै २०२१ मध्ये ५६ फूटही पार झाले.

त्यात इथल्या पुराची चाल वेगळी. पाऊस कोसळतो तो पश्चिमेला, गगनबावडा-राधानगरीच्या घाटमाथ्यावर, आणि पाणी तुंबतं ते पूर्वेला, शिरोळ तालुक्याच्या सपाटीत. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली तर ती पंचगंगेला आत घेत नाही, फुगवटा मागं सरकतो आणि गावाच्या डोक्यावर ढगाचा ठिपका नसतानाही गल्लीत पाणी चढत राहतं. असा पूर अंगावर धावून येत नाही. तो इंचाइंचानं येतो, आणि ही सवडच घात करते. ‘अजून एक तास बघू’ करता करता दिवस मावळतो. मग बोट बोलवावी लागते ती अंधारात.

ही बोट कुठून येते? राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. कागदावर अंतर काही तासांचं आहे. पण २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंद राहिला. नौदल आलं, लष्कर आलं, त्यांनी हजारो लोक बाहेर काढले, त्यांचं मोल कमी नाही. पण ते येईपर्यंतचे तास अग्निशमन दलाचे चार जवान, गावचे पोहणारे, तालमीतली पोरं आणि व्हाईट आर्मीसारख्या संस्थांचे स्वयंसेवक यांच्या अंगावर पडतात. कोल्हापूरची व्हाईट आर्मी गेली अनेक वर्षं हे काम करते. एरवी नोकरी, दुकान, शेती सांभाळणारी माणसं. फोन आला की कामधंदा सोडून निघतात.

त्यांच्या धाडसाचं कौतुक पेपरात येतं. मला वाटतं, धाडसाचं कौतुक आपण जरा जास्तच करतो. कृष्णाकाठी धाडसाला तोटा नाही. भरल्या पुरात पुलावरून उडी टाकणारी पोरं दर पावसाळ्यात दिसतात. तोटा आहे तो ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाचा.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला जे झालं ते आठवावं. गावाला पाण्याचा वेढा पडलेला, सरकारी मदत पोचलेली नाही, गावचीच बोट लोकांना बाहेर काढत होती. त्या फेरीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं बसली. लाइफ जॅकेटं नव्हती. बोट उलटली आणि सतरा माणसं गेली, त्यात बायका आणि लेकरंही होती. बोट चालवणारे कुणी परके नव्हते, वाईट तर मुळीच नव्हते. समोर काठावर आपलीच चुलती तान्हं पोर घेऊन उभी आहे, पाणी चढतंय, ‘पुढची फेरी होईल का नाही कुणास ठाऊक’ असं सगळ्यांच्याच मनात आहे. अशा वेळी ‘काकू, तुम्ही थांबा, ही भरली’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. गावातल्या माणसाला तर नाहीच.

प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः ही जीभ रेटण्याची सवय. रबरी बोट आठ माणसांची असेल तर नववा चढत नाही, मग तो सरपंच असो की स्वयंसेवकाचा सख्खा मामा. बोट धक्क्याला लागायच्या आधीच एक जण उतरून पुढे जातो आणि रांग लावतो: म्हातारी माणसं, गरोदर बाई, लेकुरवाळ्या, आजारी. चालत्या-फिरत्या गड्यांना शेवटी. प्रत्येकाला जॅकेट घालून, पट्टे ओढून मगच आत. बसायचं ते बुडाशी, काठावर नाही. गाठोडं एकच. यावर भांडणं होतात, शिव्या मिळतात. एका टोपल्यात कोंबड्या असतात, त्या राहू द्या म्हटलं की आज्जी बोटीतून उतरून परत घरात जाते.

गावात शिरताना तर वेगळंच शास्त्र. बाहेरून आलेल्या बोटवाल्याला पाणी दिसतं, गावच्या पोराला पाण्याखालचं गाव दिसतं. इथं विहिरीचा कठडा आहे, तिथं हातपंप, या कोपऱ्यावर गोठ्याच्या पत्र्याची धार वर आली असेल. गल्लीत इंजिन बंद करतात, कारण वायर आणि दोऱ्या पंख्यात गुंततात. एक जण नाळेवर ओणवा होऊन बांबूनं ठाव घेत जातो. विजेच्या तारा एरवी डोक्यावर दोन पुरुष असतात, इथं त्या मानेला लागतात. वीज तोडली आहे याची खात्री करूनच त्या गल्लीत जायचं. शिवारातून जाताना ऊस आडवा येतो. वरून नुसतं पाणी दिसतं, खाली शेंड्यांचं जाळं असतं. ओढ्याची मूळ धार जिथं रस्ता कापते तिथं पाणी सगळ्यात जास्त ओढतं. तिथं सरळ न जाता धारेच्या वरच्या अंगाला तिरकं घ्यावं लागतं. कृष्णेच्या औदुंबर-भिलवडीपासून खालच्या पट्ट्यात मगरी आहेत, हेही डोक्यात ठेवावं लागतं. झाडाच्या फांदीवर हात टाकण्याआधी साप बघावा लागतो, कारण पुरात आसरा त्यालाही हवा असतो.

आणि जनावरं. पूर बातम्यांत बघणाऱ्याला कळत नाही, ही माणसं जीव धोक्यात घालून छतावर का बसतात. खाली गोठ्यात दोन म्हशी असतात. ‘म्हशी सोडून कुठं येऊ?’ हा हट्ट वाटतो, पण दहा दिवसांचं दुधाचं बिल ज्यावर चालतं ते सोडून या म्हणताना पर्याय काय दिला, हेही बघायला हवं. जाणते स्वयंसेवक म्हणूनच पाणी इशारा पातळीला असतानाच गोठ्यापासून सुरुवात करतात. जनावरं आधी उंचावरच्या छावणीत गेली की मालक आपोआप मागून जातो. न जमल्यास निदान दावी सोडून द्या, म्हणून सांगतात. म्हैस पोहते, बांधलेली म्हैस मरते.

डोंगरातली तऱ्हा आणखी निराळी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ताच नव्हता, त्यामुळे जेसीबी वर नेणं शक्य नव्हतं. पावसात, चिखलात, विजेरीच्या उजेडात वाट दाखवायला खोपोली, कर्जत, पनवेलकडचे गिर्यारोहक होते. हा डोंगर त्यांच्या पायाखालचा. एनडीआरएफच्या जवानांनी आणि या पोरांनी टिकाव-फावड्यानं खणलं. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसं बेपत्ताच राहिली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत वाडीचं नाव नव्हतं.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना आहे. देशातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक, बारा दिवसांचं प्रशिक्षण, सोबत साहित्याचा संच आणि विमा, अशी तिची आखणी. कल्पना योग्य आहे. पण बारा दिवसांत शिकलेलं पोहणं आणि दोराच्या गाठी दोन पावसाळे हात लावला नाही तर विसरतात. संस्था टिकते ती दर रविवारी तलावावर बोट पाण्यात घालणाऱ्यांमुळे.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं हे फार आधी ओळखलं. १९५५ च्या फेब्रुवारीत हंटर नदीच्या खोऱ्यात मोठा पूर आला आणि त्याच वर्षी तिथं स्टेट इमर्जन्सी सर्व्हिस उभी राहिली. पूर आला की पुढाकार या सेवेचा, आणि तिचा कणा गावोगावचे बिनपगारी स्वयंसेवक. नारिंगी कपड्यांतली ही माणसं वादळात उडालेल्या छपरांवर ताडपत्री बांधतात, रस्त्यावर पडलेली झाडं कापतात, पुरात बोटी चालवतात. एवढी जुनी, कायद्यानं बांधलेली व्यवस्था. तरीही २८ फेब्रुवारी २०२२ ला लिस्मोर शहरात विल्सन्स नदी १४.४ मीटरवर गेली. आधीचा उच्चांक १९५४ चा, १२.२७ मीटर. म्हणजे भिंतीवरच्या जुन्या खुणेनं फसवण्याचा प्रकार तिथंही तोच. मध्यरात्री माणसं माळ्यावर चढली, तिथून छप्पर फोडून वर. सेवेच्या बोटी कमी पडल्या. शेवटी शेजारीपाजारी मासेमारीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या बोटी घेऊन निघाले आणि त्यांनी कितीतरी लोक उतरवले. बाहेर पडू नका, ही सूचना त्यांनी मोडली होती. नंतरच्या सरकारी चौकशीनं त्यांना दटावलं नाही. अशा स्थानिकांना आधीच हेरून प्रशिक्षण आणि साहित्य द्या, अशी शिफारस केली.

ब्रह्मनाळ आणि लिस्मोर शेजारी ठेवून बघितले की आपल्याकडे काय हवं ते दिसतं. गावची बोट निघणारच, तिला कुणी अडवू शकत नाही आणि अडवूही नये. मग ती चालवणारे दोघं-तिघं मे महिन्यातच ठरलेले असावेत. किती माणसं बसवायची तो आकडा बोटीच्या अंगावर रंगानं मोठा लिहावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. म्हणजे त्या रात्री ‘नाही’ म्हणणारं पोर एकटं पडत नाही, त्याच्या मागं गावाचा ठराव असतो. स्वयंसेवकांची नावं तहसीलदारांकडे असतात, तशी ती कारखान्याच्या आणि एमआयडीसीतल्या मालकांकडेही असावीत. चार दिवस बोटीवर राबलेल्या पोराची हजेरी कापली जाते. जर्मनीत टीएचडब्ल्यू ही अशीच स्वयंसेवकांची सरकारी संघटना आहे, तिथं त्या दिवसांचा पगार सरकार मालकाला भरून देतं. आपल्याकडे निदान रजा तरी मांडता येईल.

राहता राहिलं इंजिन. बोटीचं ओबीएम, म्हणजे मागे बाहेरून बसवलेलं इंजिन, ऐन वेळी सुरू न होण्याचं अगदी साधं कारण म्हणजे टाकीत आठ महिने पडून राहिलेलं पेट्रोल. ते चिकट होतं, कार्ब्युरेटर तुंबतो, आणि दोरी ओढून ओढून हाताला फोड येतात. उपाय फुकटात जमणारा आहे: पूर ओसरला की टाकी रिकामी करायची, इंजिन गोड्या पाण्यात चालवून धुवायचं आणि महिन्यातून एकदा पिंपात बुडवून दहा मिनिटं फिरवायचं. नवी बोट आली की हार-नारळाला गर्दी होते. या दहा मिनिटांसाठी कुणाची नेमणूक झाली आहे, हे आपल्या ग्रामपंचायतीत एकदा विचारून बघा. उत्तर बहुधा शिपायाकडे बोट दाखवून मिळेल, आणि शेडची किल्ली त्याच्याकडेही नसेल.