टाचण्या, दोरा आणि चौदा वर्षांचा मॅक्सवेल

पुठ्ठ्यावर ६ सेंटिमीटर अंतरावर दोन टाचण्या रोवायच्या. डावीला 'क' म्हणू, उजवीला 'ख'. दोऱ्याचे एक टोक पेन्सिलीला बांधायचे, दोरा 'क'ला वळसा घालून परत पेन्सिलीकडे आणायचा, पेन्सिलीला वळसा देऊन 'ख'कडे न्यायचा आणि तिथे गाठ मारायची. गाठी सोडून दोरा बरोबर १५ सेंटिमीटर भरला पाहिजे. मग तो ताणलेला ठेवून पेन्सिल फिरवायची.

सुती दोरा वळशापाशी अडतो. त्याला मेण चोळले की सरकू लागतो. पेन्सिल अगदी उभी धरावी लागते, जरा कलली तर दोरा वर चढतो आणि रेघ आत ओढली जाते. शिवाय पेन्सिल टाचण्यांच्या ओळीत आली की दोरा टाचणीला अडकतो. म्हणून आकृतीचा वरचा अर्धा भाग आधी काढायचा, दोरा पलीकडे घ्यायचा आणि मग खालचा. एवढे सांभाळले की कागदावर अंडे उमटते. 'क'च्या बाजूला बोथट, 'ख'च्या बाजूला निमुळते.

हे अंडे तपासता येते. डावीकडे ते 'क'च्या ३ सेंटिमीटर पलीकडे जाते: ३ची दुप्पट ६, अधिक 'ख'पासूनचे ९, एकूण १५. उजवीकडे 'ख'च्या फक्त १ सेंटिमीटर पलीकडे: ७ची दुप्पट १४, अधिक १, पुन्हा १५. रेघेवरचा कुठलाही बिंदू घ्या, बेरीज तीच. मला स्वतःला समीकरणापेक्षा ही बेरीज बोटांना जाणवते तेव्हा जास्त पटते, कारण ताणलेला दोरा ती क्षणभरही ढळू देत नाही.

ही रीत जेम्स क्लार्क मॅक्सवेलची. पुढे विद्युतचुंबकत्वाची समीकरणे मांडणारा मॅक्सवेल तेव्हा एडिंबरा अकॅडमी या शाळेत शिकत होता. 'डेव्हिड रॅम्से हे' नावाचा एडिंबरा शहरातला एक सजावटकार कलावंत सुबक अंडाकृती काढण्याच्या खटपटीत होता. जेम्सचे वडील मुलाला शहरातल्या विद्वत्सभांना घेऊन जात, त्यामुळे असले प्रश्न त्याच्या कानावर पडत.

लंबवर्तुळ दोन खुंट्या आणि दोरीने आखता येते, हे सर्वांना माहीत होते. तिथे दोरा प्रत्येक खुंटीकडे एकदाच जातो. जेम्सने विचारले, एकीकडे दोनदा गेला तर? एकीकडे तीनदा, दुसरीकडे दोनदा? टाचण्याच तीन असल्या तर? संशोधन सुरू झाले ते या प्रश्नांच्या माळेत. चित्रकाराला एक देखणे अंडे पुरले असते. मुलाला अशा आकृत्यांचे सगळे कूळ हवे होते.

फेब्रुवारी १८४६मध्ये वडील हे काम घेऊन विद्यापीठातल्या प्राध्यापक जेम्स फोर्ब्स यांच्याकडे गेले. फोर्ब्स यांना ते नवे वाटले. त्यांनी ते लेखी मागवले आणि गणिताचे प्राध्यापक फिलिप केलंड यांनाही दाखवले. जुने ग्रंथ चाळल्यावर कळले, की असे वक्र गणितज्ञ देकार्तने १६३७ सालीच भिंगांचा विचार करताना मांडले होते. प्रकाशाशी त्यांचे नाते खरोखर जवळचे आहे. साध्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, म्हणजे तीनास दोन. दोऱ्याच्या फेऱ्या तीनास दोन ठेवून, एक नाभी (म्हणजे टाचणीची जागा) आत आणि एक बाहेर राहील असा वक्र काढला, तर तशा घाटाची काच बाहेरच्या नाभीतून निघालेले किरण आतल्या नाभीत एकवटते.

'हे तर जुनेच' म्हणून फोर्ब्स मुलाची बोळवण करू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. वक्र जुने असले तरी दोऱ्याची ही रीत सोपी आणि नाभींकडे पाहण्याची दृष्टी नवी आहे, एवढा निवाडा त्यांनी नेमका केला. एखाद्या कोवळ्या अभ्यासकासाठी वडीलधाऱ्याने करण्यासारखे याहून मोलाचे काम मला दिसत नाही. ६ एप्रिल १८४६ रोजी एडिंबराच्या रॉयल सोसायटीत निबंध सादर झाला. चौदा वर्षांच्या मुलाने व्यासपीठावर येण्याची रीत नव्हती, म्हणून फोर्ब्स बोलले. जेम्स वडिलांबरोबर सभेला हजर होता. छापताना निबंध मॅक्सवेलच्या नावावर राहिला, फोर्ब्स यांची फक्त टिपणे जोडली गेली.

आपल्याकडेही गणितज्ञ द. रा. कापरेकरांना विद्यार्थीदशेतच, १९२७ साली, स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते. पुढे ते देवळालीत शाळेत शिकवत राहिले. गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: एखादी मुलगी वा मुलगा वहीत स्वतः शोधलेले काही घेऊन आला, तर आधी ते पूर्ण वाचा. त्यातले काय आधी कोणी केले आहे ते नावासकट सांगा आणि त्या मुलाचे स्वतःचे काय आहे, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगा.