धरणांचे उपग्रहीय निरीक्षण

धरणाची जागा निवडणे, त्याचा अभिकल्प करणे व बांधणीनंतर त्यावर देखरेख ठेवणे यांसाठी कृत्रिम उपग्रहांकडून मिळणाऱ्या प्रतिमांचा व मापनांचा उपयोग करण्याची पद्धती. अमेरिकेच्या लँडसॅट–१ (१९७२) या उपग्रहापासून भूपृष्ठाच्या प्रतिमा नियमितपणे मिळू लागल्या. भारताने आयआरएस–१ए हा उपग्रह १९८८ मध्ये सोडला.

अभिकल्पाच्या वेळी पाणलोट क्षेत्राचा विस्तार, उतार व वनाच्छादन यांवरून पूर आणि गाळ यांचे अंदाज बांधतात. प्रतिमेत दिसणाऱ्या लांब सरळ रेषा विभंगांच्या असू शकतात, पण तेवढ्यावर पाया ठरविता येत नाही. छिद्रे घेऊन खडक तपासावाच लागतो.

गाळाचे मापन हा या पद्धतीचा सर्वांत रुळलेला उपयोग होय. पाणी अवरक्त किरण शोषून घेत असल्यामुळे प्रतिमेत ते काळे दिसते व जलाशयाचा काठ स्पष्ट होतो. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असल्यापासून तो उन्हाळ्यात उतरेपर्यंतच्या प्रतिमांवरून प्रत्येक पातळीचे जलक्षेत्र काढतात. लागोपाठच्या दोन पातळ्यांमधील घनफळांची बेरीज मूळ धारणेतून वजा केली की साचलेला गाळ कळतो. नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेने अशी सर्वेक्षणे केली आहेत. मात्र पाणी ज्या पातळीखाली उतरतच नाही तेथील गाळ उपग्रहाला दिसत नाही. तो नावेतून ध्वनितरंगांनीच मोजावा लागतो.

बांधाची हालचाल रडार तरंगांच्या व्यतिकरणाने मोजतात. सेंटिनेल–१ (२०१४) या उपग्रहाच्या रडारची तरंगलांबी सु. ५.६ सेंमी. आहे. दोन फेऱ्यांत परत आलेल्या तरंगांच्या कलांमधील फरकावरून, अनेक प्रतिमांची मालिका वापरल्यास, काही मिमी. इतकी हालचालही कळते. इराकमधील मोसूल धरण पाण्यात विरघळणाऱ्या जिप्सम थरांवर उभे असून त्याचे खचणे असे मोजले गेले आहे.

या निरीक्षणाची मर्यादा सिक्कीममध्ये दिसून आली. दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे सरोवर वाढत असल्याचे प्रतिमांवरून अनेक वर्षे ज्ञात होते. ऑक्टोबर २०२३ च्या ३–४ तारखांच्या रात्री ते फुटून आलेल्या पुरात चुंगथांग येथील तिस्ता–३ प्रकल्पाचे सु. ६० मी. उंचीचे धरण वाहून गेले. २८ सप्टेंबरला सु. १६७ हेक्टर असलेले सरोवराचे क्षेत्र ४ ऑक्टोबरच्या प्रतिमेत सु. ६० हेक्टर उरले होते. उपग्रहाच्या दोन फेऱ्यांत काही दिवस जातात, पूर मात्र काही तासांत धरणापर्यंत पोहोचतो. म्हणून अशा खोऱ्यांत सरोवराच्या तोंडाशी पातळीमापक व तेथून धरणाच्या दरवाजांपर्यंत थेट संदेशव्यवस्था असावी लागते.